डी अँड डीच्या सेशनमध्ये प्लेअर्स मोबाईल काढून बसतात, सेशन रंगवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सहा प्लेअर आहेत, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) पाचवी एडिशन खेळता, लढाई सुरू झाली की अर्धे जण मोबाईल काढतात आणि लढाई नसताना एकटा बार्डच (गवय्याचं पात्र घेतलेला प्लेअर) बोलत असतो. माझ्या मते याला प्लेअर्सचा आळस कारण नाहीये. ज्याला पुढची पंधरा मिनिटं काहीच ठरवायचं नाहीये तो मोबाईल काढणारच ना. त्यामुळे डीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) आवाज काढावेत, नकाशे छापावेत, मागे म्युझिक लावावं या सगळ्याच्या आधी एकच बघायचं, की आत्ता या क्षणी टेबलवरच्या किती जणांच्या डोक्यात "मी काय करू" हा प्रश्न चालू आहे.

आधी लढाई घेऊ कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. सहा जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली आणि मॉन्स्टर्ससाठी तुम्ही तीन घेतली की एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) १५ मिनिटांचा झाला, गोष्टीत तेवढ्यात फक्त ६ सेकंद गेलेत. म्हणून वेळ वाचवा, एका जातीच्या सगळ्या मॉन्स्टर्सना एकच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) द्या (नियमातच तसं आहे), डॅमेजसाठी फासे न टाकता पुस्तकात छापलेला सरासरी आकडा घ्या, आणि एकाची टर्न चालू असतानाच पुढच्याला सांगून ठेवा की यानंतर तू. एवढ्यानेही बराच फरक पडतो, पण खरी गोष्ट वेगळी आहे.

खरी गोष्ट ही की लढाईत मारामारी सोडून दुसरं काहीतरी पणाला लागलेलं पाहिजे. रस्त्यावर गॉब्लिन दबा धरून बसलेत हा सीन जवळपास सगळ्यांनीच खेळलेला असतो, तोच घ्या. २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसेल) ७, आर्मर क्लास (वार लागायला किती आकडा आणावा लागतो) १५, चार गॉब्लिन समोर उभे केले तर लोक आळीपाळीने फासे टाकतात आणि विषय संपतो. आता त्यातल्या दोघांना झुडपात ठेवा, ते बाण मारतात आणि बोनस ॲक्शन (त्याच टर्नमधली जादाची छोटी कृती) वापरून परत लपतात. उरलेल्यांतला एक जण गाडीवानाला ओढत झाडीकडे निघालाय आणि दुसरा त्याला आडोसा देतोय. धरलेल्या माणसाला ओढताना वेग निम्मा होतो, म्हणजे ३० फुटांचा १५, झाडी ४५ फुटांवर ठेवली की पार्टीच्या (प्लेअर्सच्या पात्रांच्या टोळीच्या) हातात साधारण तीन राउंड आहेत आणि हे लपवून ठेवू नका, सरळ सांगा की तीन राउंडांनी गाडीवान दिसेनासा होणार. आता ज्याची टर्न नाहीये तोसुद्धा शेजारच्याला सांगायला लागतो की तू पळत जाऊन त्याला अडव, मी झुडपातल्यांचं बघतो.

आणि मॉन्स्टर शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत का लढतात? १९८१ च्या बेसिक सेटमध्ये प्रत्येक मॉन्स्टरला मोराल म्हणून आकडा असायचा, डीएमने दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज त्यापेक्षा जास्त आली की मॉन्स्टर कच खायचे. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातही असा ऐच्छिक नियम आहे, डीसी १० ची विस्डम सेव्ह, म्हणजे मॉन्स्टरसाठी मनोबलाचा रोल करायचा आणि डीसी, म्हणजे पास व्हायला लागणारा आकडा, १०. हा नियम नक्की वापरा. आमच्या टेबलवर एका गॉब्लिनने असंच हत्यार टाकून हात वर केले, रॉग (चोराचं पात्र) म्हणाला मारून टाकू, क्लेरिक (पुजारिणीचं पात्र) म्हणाली शरण आलेल्याला मारायचं नाही, आणि लढाई सोडून एरवी एक शब्द न बोलणाऱ्या फायटरवाल्याने मध्येच विचारलं, "काय रे, शेवटचं कधी जेवलास?" आणि आपल्या शिधापाण्यातली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. पुढे तोच गॉब्लिन त्यांचा वाटाड्या झाला. यातलं मी काहीही लिहून आणलेलं नव्हतं, मी फक्त त्याला मरू दिलं नाही.

आता फाशांबद्दल. नापास झालं तर काहीच बिघडणार नसेल तर रोल मागूच नका. कुलूप उघडत नाही, परत टाक, परत नाही, परत टाक, यात सेशनची हवा जाते. त्याऐवजी नापास झालं तरी कुलूप उघडतं पण आवाज होतो आणि कॉरिडॉरच्या टोकाला कंदील हलताना दिसतो, म्हणजे लगेच पुढचा निर्णय आला. गोष्ट ज्याच्याशिवाय पुढे सरकणार नाही असा पुरावा तर एका रोलमागे कधीच ठेवू नका, तीन वेगवेगळ्या जागी ठेवा, एखादा सापडतोच. आणि सगळ्यांना लपून जायचं असेल तेव्हा प्रत्येकाकडून वेगळा स्टेल्थ रोल मागून एक जरी चुकला तरी पकडले असं करू नका. वीस-बाजूंच्या फाशावर डीसी १५ आणि आकड्यात मिळवायचा बोनस ५ असेल तर एकाची पास व्हायची शक्यता ५५ टक्के, चौघंच गेले तरी चौघेही पास व्हायची शक्यता जेमतेम ९ टक्के, आणि मग प्लेअर म्हणतात लपण्यात अर्थच नाही, सरळ दार तोडू. नियमात ग्रुप चेक आहे, निम्मे पास झाले की सगळी पार्टी पास, तो वापरा.

गप्प बसणाऱ्यांसाठी "तुम्ही काय करता?" हा प्रश्न कुचकामी आहे, त्याला नेहमी बार्डच उत्तर देणार. नाव घेऊन विचारा आणि उत्तरात त्या प्लेअरला गोष्टीचा तुकडा बनवू द्या. उदाहरणार्थ क्लेरिकला विचारा, या देवळात तुझ्या देवाचा अपमान झालाय हे तुला आत शिरल्या शिरल्या कशावरून कळलं? ती म्हणाली समई उलटी टांगलीये, तर आता टांगलीये, तुम्ही ते लिहून घ्या आणि नंतर वापरा. फक्त विचारल्यावर थोडं थांबा, उत्तर यायला वेळ लागतो.

अजून एक, तुम्ही इंग्रजीत चालवता का? पुस्तकं इंग्रजी असल्यामुळे बरेच ग्रुप आपोआप इंग्रजीत बोलायला लागतात आणि ज्यांना पटकन सुचत नाही ते गप्प होतात, वाटतं की त्यांना इंटरेस्ट नाही. स्पेलची नावं राहू देत इंग्रजीत, पण खानावळवाल्याला, पहारेकऱ्याला मराठीत भांडू द्या, घासाघीस करू द्या. एखादा सेशन करून बघा.

तयारी म्हणाल तर प्लॉट लिहू नका, कोणाला काय हवंय आणि पार्टीने काहीच केलं नाही तर काय घडेल एवढं अर्ध्या पानावर लिहा. आणि सेशन संपवताना, सगळे उठायच्या आधी, त्यांच्याकडून ठरवून घ्या की पुढच्या वेळी नक्की कुठे जायचंय, म्हणजे तुम्हाला तेवढीच जागा तयार करावी लागते आणि आठवडाभर ते ग्रुपवर त्याचेच प्लॅन टाकत बसतात.