काळ्याची सात चालींची मात

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी तुझ्या बुद्धिबळाच्या स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो पाठवला. काळी मोहरी आणि सातव्या चालीला मात! मिरजेच्या काकांनी हात पुढे केला तेव्हा तुझा चेहरा कसा फुलला असेल, ते डोळ्यांसमोर आलं.

रात्री डाव पटावर मांडला. पटावरच्या घरांच्या नावांनी सांगायचं तर, पांढऱ्याचं प्यादं ई4, तुझं ई5, दोघांचे घोडे बाहेर, पांढऱ्याचा उंट सी4 वर. तिसऱ्याच चालीला तू घोडा डी4 वर टाकलास आणि ई5 चं प्यादं उघडं पडलं. काकांनी ते घेतलं. तुझा वजीर जी5 ला आला. त्यांचा घोडा एफ7 वर, म्हणजे तुझा वजीर आणि हत्ती दोन्हींवर मारा. तिथे कुणीही हुरळतो. मग तू जी2 चं प्यादं मारलंस, हत्ती एफ1 ला सरकला, ई4 वरून शह, मध्ये उंट, आणि घोडा एफ3! ई2 चा उंट वजिराने जखडलेला, हलला तर राजा उघडा; आणि राजाभोवती त्याचीच माणसं. फार देखणी मात आहे. याला ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट म्हणतात; गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच आमिष देऊन खेळणं.

आता चौथ्या चालीवर परत ये. काकांनी ई5 चा मोह सोडून तुझा डी4 चा घोडाच मारला असता तर? तू प्याद्याने परत घेणार. मग पट बघ. त्यांचा उंट बाहेर, कॅसलिंगची, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची, तयारी झालेली. तुझं एकटं प्यादं डी4 वर, बाकी एकही मोहरं घराबाहेर नाही.

पंधराव्या वर्षी मीही हाच सापळा वर्षभर लावला. मग एका स्पर्धेत समोरच्याने शांतपणे घोडा मारला. पुढे काय खेळायचं ते मला ठाऊकच नव्हतं. तो पराभव अजून सलतो. आपल्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात पिढ्या घडवल्या, इथल्या स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. अशा गावात ते बरोबर उत्तर देणारा समोर बसायला किती वेळ लागेल?

म्हणून तिसऱ्या चालीला उंट सी5 किंवा घोडा एफ6 खेळायला लाग. डाव लांबेल, लांबू दे. आणि जिंकलेल्या डावाच्या वहीत प्रत्येक चालीशेजारी समोरच्याचं सर्वात चांगलं उत्तर लिहीत जा. हरलेले डाव आपण तपासतोच, जिंकलेले कुणी उघडत नाही.

रविवारी वही घेऊन ये. पांढरी तू घे, डी4 वर घोडा मी टाकतो.

तुझे,
सर