रीबूटनंतर टेप लायब्ररी (टेप आपोआप बदलणारं यंत्र) टेप लोड करते, पण बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरला ड्राइव्ह रिकामा दिसतो. नवा ड्राइव्ह मागवावा का?

इतक्यात मागवू नका. दोन एलटीओ (टेपचा एक प्रकार) ड्राइव्हची लायब्ररी, लिनक्स सर्व्हर आणि रीबूटपर्यंत सगळं सुरळीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून ड्राइव्ह बिघडलेला नाही, दोघांच्या नावांची अदलाबदल झाली असावी असं मला वाटतं.

एकाच ड्राइव्हला इथे दोन पत्ते असतात. लायब्ररीचा रोबॉट त्याला जागेच्या क्रमांकाने ओळखतो. रोबॉट चालवणाऱ्या एमटीएक्स या आज्ञेत ते 'डेटा ट्रान्सफर एलिमेंट' ० आणि १. लिनक्स मात्र ड्राइव्ह ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने एनएसटी०, एनएसटी१ अशी नावं देतं. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आजवर जुळले, तो योगायोग.

खात्री करायला बॅक्युलाचा स्टोरेज डीमन (टेपवर लिहिणारी, पडद्यामागे चालणारी सेवा) थांबवा. एमटीएक्सने एक टेप ड्राइव्ह ० मध्ये घाला, मिनिटभर थांबा आणि दोन्ही नावांवर ड्राइव्हची स्थिती सांगणारी 'एमटी स्टेटस' ही आज्ञा चालवा. जिथे 'ऑनलाइन' दिसेल तिथे टेप आहे. 'डीआर ओपन' म्हणजे रिकामा. एनएसटी१ 'ऑनलाइन' निघाला, तर दुखणं सापडलं.

आता कॉन्फिगमध्ये नुसती ० आणि १ची अदलाबदल करू नका, पुढच्या रीबूटला पुन्हा तिथेच याल. डेव्ह फोल्डरमध्ये टेप, त्यात बाय-आयडी पाहा. तिथली नावं यूडेव्ह (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी सेवा) ड्राइव्हच्या स्वतःच्या ओळखीवरून बनवतं, म्हणून ती क्रमाने बदलत नाहीत. त्यातलं शेवटी 'एनएसटी' असलेलं नाव बॅक्युलाच्या कॉन्फिगमधल्या 'आर्काइव्ह डिव्हाइस'मध्ये लिहा. 'ड्राइव्ह इंडेक्स'मध्ये एमटीएक्सचाच आकडा ठेवा. लिनक्सने रोबॉटला दिलेला एसजी क्रमांकही असाच सरकतो, तेव्हा 'चेंजर डिव्हाइस'लाही बाय-आयडीमधलंच नाव द्या. पुढे कधी ड्राइव्ह खरोखर बदललात, तर हे नाव नव्याने लिहावं लागेल.

नाव निवडताना शेवटची अक्षरं नीट वाचा, ही माझी कळकळीची विनंती. 'एन' नसलेलं एसटी उपकरण बंद होताच टेप सुरुवातीला गुंडाळतं. आमच्याकडे टार या बॅकअपच्या आज्ञेच्या एका स्क्रिप्टमध्ये चुकून एसटी० राहिलं होतं. तीन रात्रींचे बॅकअप एकाच जागी लिहिले गेले, टेपवर फक्त शेवटचा उरला. तिन्ही रात्री स्क्रिप्टने 'यशस्वी' असाच संदेश दिला होता.

बदल झाल्यावर डीमन सुरू करा आणि दोन्ही ड्राइव्हवरून एकेक छोटी फाइल रिस्टोअर करून पाहा.