वीकेंडला भाड्याने देतो त्या घराच्या साफसफाईला भरवशाची माणसं कशी मिळवायची, आणि टिकवायची कशी?

तुम्ही राहता ठाण्याला, घर अलिबागजवळच्या नागावात, आणि वर्षभरात तिसऱ्या बाई काम सोडून गेल्या, असं तुम्ही लिहिलंय. आमचं घर चौलला, वाडीतलं, आणि मी असते पनवेलला. म्हणजे दुखणं तेच.

तुमच्या प्रश्नातच एक वाक्य आहे: "बुकिंग आलं की फोन करतो, दर वेळी रोख ५०० देतो, तरी टिकत नाहीत." ५०० कमी नाहीत हो. पण या रविवारी काम आहे की नाही हे शुक्रवारी रात्रीपर्यंत कळणार नसेल, तर ती बाई दुसरीकडे कबूल करून बसणारच. तिने का तुमच्या फोनची वाट बघत घरी बसायचं? नागाव, आक्षी, वरसोली, किहीम, सगळीकडे आता बंगल्यांची रांग लागली आहे, हात मात्र तेवढेच आहेत. त्यामुळे आधी महिन्याची रक्कम बांधून द्या, मग भरवशाचं बोलू.

आमच्याकडे दोघी आहेत, सख्ख्या जावा. प्रत्येकीला महिन्याला ३,००० ठरलेले, बुकिंग असो वा नसो. त्यात आठवड्यातून एकदा घर उघडायचं, केर-लादी करायची, अंगणातला पाचोळा आणि पडलेल्या झावळ्या ओढायच्या. वर प्रत्येक चेक-आउटला प्रत्येकी ४०० वेगळे. पावसाळ्यात मधले वार रिकामे जातात तेव्हाही ३,००० जातातच, आणि त्याचं मला काही वाटत नाही. समुद्राजवळचं घर जुलैत पंधरा दिवस बंद ठेवून बघा, गाद्यांना कुबट वास आणि कपाटाला बुरशी. दोघी असल्याने एकीचा खाडा झाला तर दुसरी असते, आणि बदली बाई शोधायची डोकेदुखी त्या आपसातच मिटवतात. नणंदेला आणतात, शेजारणीला आणतात, कुणाला आणायचं ते त्यांनी ठरवायचं.

शोधायचं कुठे? शहरातली एजन्सी दर वेळी नवा माणूस पाठवते. त्याला तुमचा गीझर कुठला आणि पंपाचं बटण कुठलं हेही माहीत नसतं. गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, बचत गटाच्या ताईंना विचारा. मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचा. त्यांचं मानधन तुटपुंजं असतं, रविवार मोकळा असतो, आणि आपली मुख्य आवराआवर नेमकी रविवारीच असते. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र स्वतः जा आणि बरोबरीने काम करा. कंबर मोडली की कळतं, दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर दोघींना किती वेळ खातं. आमच्याकडे तीन तास लागतात. त्यातला निम्मा वेळ वाळूचा. ती मोरीच्या जाळीत बसते, गादीच्या शिवणीत बसते, सोफ्याच्या फटीत बसते.

म्हणूनच अकराला चेक-आउट आणि बाराला चेक-इन असलं काही करू नका. आमचं अकरा आणि दोन, आणि रविवारी त्यात सूट नाही. मांडव्याला सकाळच्या बोटीने उतरलेले पाहुणे दहालाच दारात येतात. त्यांना म्हणायचं, सामान पडवीत ठेवा, मिसळ खाऊन या. अर्धा तास आधी खोली दिल्याबद्दल पाहुणा तुम्हाला कदाचित एखादा तारा जास्त देईल, पण त्या अर्ध्या तासाची धावपळ बाईच्या वाट्याला येते आणि ती ते विसरत नाही.

वर्षाचं कॅलेंडर त्यांच्याबरोबर बसून ठरवा. लावणीचे दिवस, दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी, गौरी-गणपती, शिमगा. आमच्याकडे त्यात दत्तजयंतीला सुरू होणारी चौलची जत्रा, ती नेमकी डिसेंबरच्या सीझनमध्ये. गणपतीत मी बुकिंग सरळ बंद ठेवते. जत्रेत ठेवलंच तर दुप्पट पैसे, तेही त्या आपणहून हो म्हणाल्या तरच. कोकणातल्या बाईने गौरी सोडून तुमच्या चादरी बदलाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता पैशांतली एक बारीक गोष्ट, जी बहुतेक मालक नजरेआड करतात. दारू पिऊन ओकलेलं बाथरूम, लॉनवर सांडलेले बार्बेक्यूचे कोळसे, उशीच्या अभ्र्यावर मेंदी, यासाठी तुम्ही पाहुण्याच्या डिपॉझिटमधून पैसे कापता ना? ते कुणाला जातात? घाण त्यांनी काढायची आणि दंड तुमच्या खिशात, हे गावात लपत नाही. आमच्याकडे साफसफाईचा म्हणून कापलेला पैसा पूर्ण त्यांचा.

चोरीच्या आळाचं तेच. एकदा एका पाहुण्या बाईंचा बोटीतून फोन आला, सोन्याचं कानातलं राहिलंय, "तुमच्या बायकांना विचारा". मी विचारलं नाही. आमचा नियम आहे, पाहुणे गेल्यावर आधी प्रत्येक खोलीचे फोटो व्हॉट्सॲपवर, राहिलेली वस्तू जिथे असेल तिथेच तिचा फोटो, मग हात लावायचा. फोटोत काही नव्हतं, तेवढंच त्यांना कळवलं. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, पाऊचमध्ये सापडलं म्हणून. सॉरी वगैरे काही नाही, असो. त्या दिवशी मी दोघींना फोन करून झडती घेतली असती तर पुढच्या रविवारी केर मलाच काढावा लागला असता.

सामानाचं थोडक्यात सांगते. प्रत्येक पलंगाला चादरी-अभ्र्यांचे तीन जोड ठेवा आणि सगळे पांढरे, म्हणजे डाग पडला तर ब्लीच करता येतं. पावसात त्या घरी वाळणार नाहीत, त्यामुळे अलिबागच्या लाँड्रीशी आधीच बोलून ठेवा. बोअरच्या पाण्याने नळांवर, टाइल्सवर पांढरे थर धरतात, ते काढायला अॅसिड किंवा हार्पिक वापरतात. त्याच बाथरूममध्ये त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर कधीही टाकायची नाही, हे तोंडी सांगा आणि दारामागे मराठीत लिहूनही चिकटवा. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आणि ओल्या लाद्यांवर रोजचं काम आहे, तर दोघींचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवून घ्या. १८ ते ७० वयाच्या कुणालाही मिळतो, वर्षाला २० रुपये त्यांच्याच बँक खात्यातून कापले जातात, आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख मिळतात. अर्ज बँकेतच भरायचा. पहिल्या वेळी बरोबर जा, कारण फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा यातच त्यांची अर्धी सकाळ जाते.