हेजला यायचं म्हणताय, तर एलिस काउंटी आधी समजून घ्या

ताई, तुमच्या मिस्टरांना कॅन्ससमधल्या हेज गावच्या हॉस्पिटलात नोकरी चालून आलीय, मुलगी पाचवीत आहे, आणि "तिथे आपलं कोणीच नाही, करमेल का?" असं तुम्ही विचारलंत. आधी गैरसोयी सांगते. महाराष्ट्र मंडळ इथे नाही, गणपती ज्याचा त्याच्या घरी. अख्ख्या एलिस काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, 29 हजारांच्या आत माणसं, त्यातली 21 हजार एकट्या हेजमध्ये. आपला किराणा आणायला विचिटाला जायचं म्हणजे दिवस मोडतो. डेन्व्हर आणि कॅन्सस सिटी दोन्ही लांब.

पण करमणं मंडळावर अवलंबून नसतं. इथली घराणी कुठून आली हे ठाऊक असलं की बोलायला विषय मिळतो, आणि या लोकांना तो विषय फार प्यारा आहे.

इथले बहुतेक जुने लोक जर्मन, पण आले रशियातून. 1763 मध्ये राणी कॅथरीनने परदेशी शेतकऱ्यांना रशियात येऊन वसण्याचं आमंत्रण दिलं. व्होल्गाकाठी गेलेल्या जर्मनांना जमीन मिळाली आणि सैन्यभरतीतून सूटही. शंभरेक वर्षं त्यांनी भाषा, धर्म सगळं टिकवलं. 1874 मध्ये ती सूट गेली आणि पोरांना सैन्यात जावं लागणार हे दिसल्यावर त्यांनी पुन्हा बाडबिस्तरा उचलला. 1876 मध्ये त्यांच्यातली कॅथलिक कुटुंबं इथे उतरली. रेल्वे 1867 मध्येच आली होती आणि रेल्वे कंपनीला जमीन विकायची होती. कॅथरीन, मंजोर, फायफर ही इथल्या गावांची नावंही व्होल्गाकाठचीच.

बाकी अमेरिकन वसाहतवाले आपापल्या 160 एकरांत एकटं घर बांधून राहायचे. हे मात्र आपल्या गावठाणासारखे घराला घर लावून राहिले, मध्ये चर्च, शेतं बाहेर. म्हणून आजही एखाद्याचं आडनाव ड्रायलिंग की लायकर कळलं, की पुढचा प्रश्न "कुठल्या गावचे?" हाच असतो.

इथल्या व्हिक्टोरिया गावाची गोष्ट तर ऐकण्यासारखी. 1873 मध्ये जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश माणसाने खानदानी इंग्रजांसाठी ही वसाहत काढली, राणीचं नाव दिलं, अँगस जातीचे पहिले वळू अमेरिकेत आणले. साहेबांना शिकारीत रस जास्त, शेतीत कमी. ग्रँट 1878 मध्ये वारला, साहेब पांगले, आणि शेजारच्या हर्झोगमधल्या जर्मन शेतकऱ्यांकडे गाव आलं. त्यांनीच 1911 मध्ये सेंट फिडेलिसचं चुनखडीचं चर्च पुरं केलं. बारा वर्षांवरच्या प्रत्येकामागे 45 डॉलर आणि दगडांच्या सहा गाड्या अशी वर्गणी होती. मुलीला घेऊन नक्की जा. झाडं नसल्यामुळे कुंपणाचे खांबसुद्धा याच भागातल्या दगडाचे केलेत, ते रस्त्यातच दिसतील.

या सगळ्यांच्या आधी इथे शायएन, अरापाहो, पॉनी या मूळ जमातींचा वावर होता. फोर्ट हेज हे लष्करी ठाणं रेल्वेच्या संरक्षणासाठी होतं, म्हणजे मूळ लोकांपासूनच. गावच्या गप्पांत हा भाग घाईने उरकतात. आणि जर्मन भाषा? पहिल्या महायुद्धापासून ती मागे पडत गेली, आता म्हाताऱ्यांच्या तोंडी चार शब्द उरलेत. पोरीच्या मराठीची काळजी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा लागतं.

रोजच्या जगण्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या: चर्च, शाळेचं फुटबॉल आणि जूनमधली गव्हाची कापणी. कापणीच्या दिवसांत कोणाकडून फोनची अपेक्षा ठेवू नका. चर्चची जेवणं सगळ्यांना खुली असतात, धर्म कोणी विचारत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मासे तळतात. बिअरॉक म्हणजे कोबी आणि बीफ भरलेला पाव, शाकाहारी असाल तर आधी विचारा. लोक स्वतःहून घरी बोलावतील याची वाट बघू नका. वाढायला, भांडी आवरायला हात लावा, ओळख तिथेच होते.

मिस्टरांना ओळखी आपोआप मिळतील, तुम्हाला नाहीत. तेव्हा सही करण्याआधी तुमच्या व्हिसावर काम करता येतं का, हे वकिलाकडून लेखी घ्या. नसेल तर फोर्ट हेज स्टेट विद्यापीठात काही शिकता येईल का बघा. गाडी चालवायला भारतातच शिकून या, गाडीशिवाय इथे घरकैद आहे. पाण्याची कायम टंचाई, उन्हाळ्यात दुपारी लॉनला पाणी घालायला बंदी. वाराही सतत. हॉस्पिटलवाले बघायला बोलावणार असतील तर फेब्रुवारी मागा, जूनमध्ये सगळंच छान दिसतं.

ज्वारीचं विचारलं होतंत: भरपूर पिकते. मायलो म्हणतात, लालसर असते, आणि बहुतेक गुरांना जाते. भाकरीचं पीठ बॅगेतून आणा.