काय करायचं नाही, ते आधी ठरव

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री दीड वाजता आला. संकटातल्या सरकारी योजनेची घोषणा झालेली आहे, तिचं पोर्टल तीन आठवड्यांत सुरू व्हायला हवं, आणि टीममधला प्रत्येक जण विचारतोय की आणखी माणसं मिळतील का. हा प्रश्न तू बाजूला ठेव. नव्या माणसाला सिस्टीम समजावण्यात तुझ्याच जाणत्या माणसांचे दिवस जातील. संकटात वेळेवर पोचलेल्या सरकारी टीम मी पाहिल्या आहेत. त्यांनी लिहायचा कोडच कमी करून घेतला होता. तो कमी होतो, योजनेचे नियम ठरतात त्या बैठकीत. त्या बैठकीत तुला खुर्ची मिळाली पाहिजे. नियम ठरून, सही होऊन तुझ्या टेबलावर आला, तर निम्मा वेळ तिथेच गेला असं समज.

ब्रिटनमध्ये काय झालं ते नीट पाहा. 20 मार्च 2020 ला तिथल्या सरकारने जाहीर केलं की महामारीमुळे घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांचा 80 टक्के पगार, महिन्याला 2,500 पौंडांपर्यंत, सरकार देईल. 20 एप्रिलला पोर्टल उघडलं आणि पहिल्या दिवशी 1,40,000 हून जास्त कंपन्यांनी अर्ज केले. मधे एक महिना. हे जमलं, कारण पगार देताना प्रत्येक कंपनी त्याची नोंद कर खात्याकडे ऑनलाइन पाठवतच होती. नियम त्या नोंदीवरच बांधला: ठरलेल्या तारखेपर्यंत ज्याच्या पगाराची नोंद खात्याकडे पोचली आहे, त्याच्यासाठीच मागणी करता येईल. कोण पात्र, हे तपासायला नवी कागदपत्रं लागली नाहीत, आणि जाहीर झाल्यावर खोटे कर्मचारी उभे करणाऱ्यांची वाटही त्या तारखेने बंद झाली. पैसे कंपनीच्या खात्यात गेले. लाखो माणसांची नवी बँक खाती जोडत बसावं लागलं नाही. शंभर किंवा जास्त कर्मचाऱ्यांसाठी मागणी करणाऱ्याने फाइल चढवायची, बाकीच्यांनी पडद्यावर माहिती भरायची. बस.

त्याची किंमतही होती. ती तारीख आधी 28 फेब्रुवारी होती. नेमक्या त्या दिवसांत नोकरी बदललेली माणसं बाहेर राहिली, म्हणून ती 19 मार्च करावी लागली, आणि तरी काही राहिलीच. सोप्या नियमाच्या काठावरून कुणीतरी पडतंच. म्हणून नियम सोपा करायचा आग्रह तू धरशील, तेव्हा बाहेर कोण पडणार हेही त्याच बैठकीत मोठ्याने सांग आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट मागून घे. कागदी अर्जाची असली तरी चालेल. हे सांगणं तुझंच काम आहे, कारण डेटात काय आहे आणि काय नाही, हे त्या खोलीत फक्त तुला माहीत असतं.

अर्जातल्या रकान्यांबद्दलही असंच. एका मदतवाटपाच्या वेळी आम्ही साधा अर्ज केला होता. मग एकेक विभाग येत गेला आणि ‘एवढं एकच विचारा’ म्हणत गेला. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. शेवटी रांगेतल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागायला लागली, आणि ऑपरेटर सक्तीच्या रकान्यांत नुसतं टिंब टाकून पुढे जायला लागले. टिंबांनी भरलेली ती माहिती पुढे कुणाच्याही कामाला आली नाही, पण तिच्यासाठी माणसं उन्हात उभी राहिली. ते मला अजून बोचतं. आता मी प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारते: याच्या उत्तरावरून या आठवड्यात कोणता निर्णय बदलेल? कोणताच बदलत नसेल तर रकाना काढ.

आणि प्रत्यक्ष जागेवर जा. ‘वेळ नाही’ म्हणून पहिल्यांदा हेच सुटतं, आणि याचंच मोल सगळ्यात जास्त असतं. भारतात 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, त्याची नोंद कोविन या सरकारी पोर्टलवर होत होती. पुढे काही जणांना विचित्र अनुभव आला. वेळ घेतली होती, केंद्रावर गेलेच नाहीत, तरी लस घेतल्याचा संदेश आला. केंद्रावरच्या नोंदीत चूक होत होती. 8 मेपासून एक लहानसा बदल झाला: वेळ घेणाऱ्याला चार अंकी कोड मिळायचा, तो त्याने केंद्रावर सांगायचा आणि कर्मचाऱ्याने नोंदीत भरायचा. माणूस समोर असल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही. सर्व्हरवर कितीही ताण देऊन चाचणी घेतली असती, तरी हा दोष सापडला नसता. तो सापडतो टेबलाच्या त्या बाजूला, जिथे एक थकलेली नर्स लस टोचते आणि शेजारचा माणूस यादी बघून टिचक्या मारतो.

त्याच मोहिमेत 18 ते 44 वयोगटाला सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीशिवाय वाटच नव्हती. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा आली ती 24 मेला. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याची वाट पहिल्याच दिवसाच्या कामात धर. ‘नंतर करू’ म्हटलेली गोष्ट संकटात आठवडेच्या आठवडे मागे पडते.

आता एक रुक्ष काम. तुझी नवी सिस्टीम चकचकीत असेल, पण तिच्यात येणारी आणि तिच्यातून जाणारी माहिती कुठून जाते, ते फळ्यावर काढ. मधे कुणाची तरी जुनी फाइल असतेच. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 15,841 कोविडबाधितांची नोंद वेळेत पुढे गेली नाही, कारण प्रयोगशाळांचे निकाल मधल्या टप्प्यावर एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरले जात होते. त्या फाइलीत 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. बाधितांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. तेव्हा प्रत्येक टप्प्यावर मोजणी ठेव: इकडून किती निघाले, तिकडे किती पोचले. हे लिहायला एक दुपार लागते. ती दुपार कुणालाही देऊ नकोस.

लोकांना दिलेला शब्दही तपासून घे. सिंगापूरने मार्च 2020 मध्ये संपर्कशोधाचं ॲप आणलं, आणि माहिती त्याच कामासाठी वापरू असं सांगितलं. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या संसदेत स्पष्ट झालं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मागू शकतात. लोक दुखावले, आणि पुढच्याच महिन्यात मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. पडद्यावर गोपनीयतेचं वाक्य लिहिण्याआधी विधी विभागाच्या माणसाला शेजारी बसव आणि विचार, ‘कोणत्या कायद्याने हे मोडता येईल?’

बैठकांबद्दल थोडंच. अमेरिकेतलं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 ला उघडलं आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. ते सावरायला आलेल्या टीमने बैठकीचा नियम केला: ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचं, हुद्दा बघायचा नाही. आणि येत्या एक-दोन दिवसांत काम अडवतील अशा गोष्टींवरच बोलायचं. आपल्या खात्यांत हे आपोआप होत नाही. तुझ्या साहेबांना आधी एकटं भेटून सांग की बैठकीत कनिष्ठ अभियंता त्यांच्यासमोर ‘हे चालत नाहीये’ म्हणेल, तेव्हा त्यांनी त्याचे आभार मानायचे. एकदा त्यांनी तसं केलं की लपवालपवी थांबते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

झोपेच्या पाळ्या लाव. रात्री दीडला निरोप पाठवणारीलाही त्यात धर. रात्री अकरानंतर कुणी नवा कोड चालू सिस्टीमवर चढवायचा नाही, आणि चढवलेला मागे कसा घ्यायचा याची तालीम पोर्टल सुरू होण्याआधी एकदा खरीखुरी करून बघा.

उद्याच्या बैठकीला जाताना दोन कागद ने. एकावर पहिल्या दिवशी काय असेल, दुसऱ्यावर काय नसेल. दुसऱ्यावर साहेबांची सही घे. पोर्टल उघडेल त्या सकाळी नियंत्रण कक्षात थांबू नकोस, हेल्पलाइनवर हेडफोन लावून बस. पहिले दहा फोन कशाबद्दल होते, ते मला त्याच संध्याकाळी कळव. मी वाट बघते.