आधी माल कुठे साचतो ते बघ

पुणे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं सीएनसी राऊटरचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी-कोरणीच्या मशीनचं कोटेशन वाचलं. मशीन वाईट नाही, भावही अवाच्या सव्वा नाही. पण ते तुला आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांनी नऱ्ह्याचं वर्कशॉप तुझ्या हाती दिलं, ऑर्डरी वाढल्या, मॉड्युलर किचन उशिरा जायला लागली, म्हणून क्षमता वाढवायची. इथवर सगळं बरोबर. त्यातून थेट सीएनसीवर कशी पोचलीस ते मात्र कळलं नाही.

मागे आलो होतो तेव्हा भरदुपारी शीट कापायचा पॅनल सॉ बंद होता आणि त्याच्यापुढे कापलेल्या पीसांच्या थप्प्या छातीइतक्या लागल्या होत्या. पलीकडे दोन पोरं हाताने पट्टी चिकटवून ट्रिमर मारत होती. कटिंगला तुझ्याकडे आजच सवड आहे. तिथे आणखी वेगवान मशीन आणलंस तर थप्प्या डोक्यापर्यंत जातील, किचन मात्र निघायचं तेव्हाच निघेल. तुला हवाय तो एज बँडर, म्हणजे कडांना पट्टी चिकटवणारं मशीन.

किती मोठा, याचा हिशेब कागदावर मांड. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. तिचे ६१० चे चौरस आठ पीस केले तर एकेकाची कड २.४४ मीटर, सगळ्यांची मिळून साडेएकोणीस. दिवसाला वीस शीट धरल्या तर ३९० मीटर. चारही कडांना पट्टी लागत नाही हे खरं, पण ड्रॉवरच्या बारीक पीसांनी कड वाढते, तेव्हा आकडा तसाच राहू दे. कॅटलॉगात मिनिटाला १२ मीटर वेग लिहिलेला असतो. दोन पीसांमधलं अंतर, रोल बदलणं, पीस फिरवून पुन्हा आणणं, हे सगळं धरून ५ मीटर पकड. तरी ७८ मिनिटांत दिवसाचं काम आटोपतं! वेग तुझी अडचण नाहीच. सेल्समन तुला वीस मीटरवालं मशीन दाखवेल, तेव्हा चहा पी आणि ऐकून घे.

पैसे घालायचे ते प्री-मिलिंगवर. पट्टी लागण्याआधी कडेवरून अर्धा मिलिमीटर घासून सरळ करणारे ते दोन कटर. सॉवरून आलेली कड डोळ्यांना सरळ दिसते, पण स्कोअरिंगचं, म्हणजे आधी खालून चर पाडणारं लहान पातं आणि मुख्य पातं एका रेषेत नसतील तर तिथे केसभर पायरी राहते. त्या पायरीत ग्लू साचतो, पुढे त्यात धूळ बसते आणि पांढऱ्या शटरला काळी रेघ दिसायला लागते. ग्राहकाचा फोन येतो तो त्या रेघेसाठी. कॉर्नर राउंडिंगचं युनिट मात्र वगळ, तेवढं फाईलने होतं. प्री-मिलिंग आलं की कटलिस्ट, म्हणजे कापायच्या मापांची यादी बदलावी लागेल. ६०० चं शटर, दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरची पट्टी, दोन्हीकडून अर्धा मिलिमीटर घासणार, म्हणजे कापायचं ५९९. हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लाव. नाहीतर पहिल्या महिन्यात सॉवरचा माणूस आणि बँडरवरचा माणूस एकमेकांशी बोलायचे बंद होतील.

ग्लू सध्या ईव्हीए, म्हणजे वितळवून लावायचा नेहमीचा, चालेल. पीयूआर हा दुसरा प्रकार पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकतो, सिंकखालच्या कॅबिनेटला तोच चांगला. पण तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्यामुळे ग्लू वितळवायचं भांडं, ग्लूपॉट, रोज साफ करायची शिस्त लागते. ती आपल्याकडे आहे का, हे तूच ठरव.

डेमोला जाताना माल आपला ने. त्यांच्याकडचा एमडीएफ आरशासारखा सपाट असतो, त्यावर कोणतंही मशीन देखणं काम करतं. तुझा १८ चा प्लाय दोन्हीकडून लॅमिनेट दाबलेला ने, तुझी पट्टी ने, आणि एक १०० मिलिमीटर रुंदीचा स्कर्टिंगचा तुकडा मुद्दाम पुढे कर. मग हेच मशीन वापरणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जा, सेल्समनला न घेता. मालकाशी थोडं बोल, ऑपरेटरशी जास्त. ग्लूपॉटचा हीटर गेला तर सुटा भाग पुण्यात मिळतो की बाहेरून यायची वाट बघावी लागते, हे त्यालाच माहीत असतं. दिवाळीच्या आधी मशीन बंद पडलं की वॉरंटी कार्डाचा काही उपयोग नसतो.

आता जागा. मशीन पाच-साडेपाच मीटर लांब असेल, तर दोन्ही टोकांना एक-एक शीटभर मोकळं हवं, म्हणजे साधारण साडेदहा मीटर, ३४-३५ फूट, मध्ये खांब नको. तुमच्या गल्लीत ट्रेलर वळतो का आणि हायड्रा क्रेनचा बूम शटरखालून आत जातो का, तेही आधीच बघून ठेव. डस्ट कलेक्टरचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धर, नंतर बघू म्हटलं की राहून जातं. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. लांबलचक लवचीक पाइप जोडलास तर तो वेग निम्म्या वाटेतच मरतो, म्हणून पत्र्याचा डक्ट कर, वळणं कमी ठेव.

वीज हा तर वेगळाच विषय. नेमप्लेटवरचे सगळे एचपी एकत्र कर. मंजूर भार २० किलोवॉट, म्हणजे सुमारे २७ एचपीच्या वर गेला की महावितरणचा स्थिर आकार वेगळ्या पद्धतीने लागतो. तुझ्या त्या सीएनसीचा ९ किलोवॉटचा स्पिंडल, व्हॅक्युम पंप आणि स्वतंत्र डस्ट कलेक्टर मिळून एकटंच तिथवर जातं. बँडर त्या मानाने सोसवेल. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते, तेव्हा बँडिंगचा माल बुधवारी काढून टाकायची सवय लाव, कारण ग्लूपॉट थंड झाला की पुन्हा तापेपर्यंत माणसं बसून राहतात.

सीएनसी कधीच नको असं नाही. आपल्याकडे प्लाय थोडा वाकडाच येतो, सीएनसीच्या टेबलाचा व्हॅक्युम त्याला नीट पकडत नाही, हे लक्षात ठेवून पुढे घे. तोवर जाळीची शटर आणि नक्षीचं काम भवानी पेठेत टिंबर मार्केटकडे जॉबवर्कला दे. ते बिल सलग सहा महिने सीएनसीच्या हप्त्याच्या जवळ गेलं, की मला पुन्हा फोन कर.

कर्जासाठी आईचा फ्लॅट गहाण टाकू नकोस. उद्यम नोंदणी आहेच, बँकेत सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेच्या हमीखाली विनातारण कर्जाचं विचार. योजना २००० सालापासून चालू आहे, तरी मॅनेजर आपणहून नाव काढेलच असं नाही. हप्ता मात्र हातातल्या कामातून निघाला पाहिजे. येणाऱ्या ऑर्डरींच्या भरवशावर सही करायची नाही. जीएसटीचे १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतील, पण आधी भरावे लागतील, तेवढी रोकड बाजूला ठेव.

या आठवड्यात बँडरची दोन कोटेशनं मागव, प्री-मिलिंगसह आणि त्याशिवाय, इन्स्टॉलेशन व वाहतूक वेगळी दाखवून. शेडचं माप टेपने घेऊन सोबत पाठव, खांबांच्या जागांसकट.

तुझा,
काका