ड्रायर दोनदा फिरवावा लागतोय? आधी व्हेंट बघा

तुम्ही लिहिलंय की टॉवेल एका सायकलमध्ये वाळत नाहीत, मशीन वरून चटका बसेल इतकं तापतं आणि लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी तर दर वेळी साफ करता. मग नवीन मशीनच्या मागे लगेच लागू नका, बहुतेक वेळा घोळ मागच्या पाइपात, म्हणजे गरम हवा घराबाहेर नेणाऱ्या व्हेंटमध्ये असतो. जाळीत सगळा लिंट अडकत नाही, बराचसा पुढे जाऊन पाइपाच्या वळणांवर चिकटतो, मग हवा बाहेर पडत नाही, कपडे ओले राहतात, उष्णता आत कोंडते, आणि लिंट म्हणजे शेवटी पिंजलेला कापूसच. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनच्या 2008-10 च्या आकड्यांत वर्षाला घरांतल्या ड्रायरच्या साधारण 2,900 आगी आहेत, त्यात 34 टक्के साफसफाई न केल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त जानेवारीत.

ड्रायर चालू ठेवून बाहेर जा नि भिंतीवरचा फ्लॅप बघा, गरम हवेने तो नीट उघडला पाहिजे. नुसता फडफडत असेल तर व्हेंट तुंबलाय. पक्षी येऊ नयेत म्हणून कुणी तिथे जाळी ठोकली असेल तर ती काढायला लावा, लिंट तिथेच साचतो. मागचा पाइप पांढरा प्लास्टिकचा किंवा चुरगळणाऱ्या फॉइलचा असेल तर बदलाच, 4 इंची कडक मेटलचा हवा, सांध्यांना फॉइल टेप, स्क्रू नकोत कारण आत आलेल्या टोकांना लिंट अडकतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी इथले अमेरिकन लोक सांगणार नाहीत. बाळाच्या मालिशचे पंचे, तिळाच्या तेलाचे टॉवेल, किचनमधली तेलकट फडकी. एका धुण्यात तेल पूर्ण जात नाही, आणि ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवले की तेलाची हवेशी रिॲक्शन चालू राहते, ढीग आतून तापत जातो नि मशीन बंद असतानाही पेटू शकतो! खोबरेल त्यामानाने बरं, तीळ, मोहरी, जवस जास्त धोक्याचे. असले कपडे सरळ दोरीवर वाळत घाला. आई आली असेल तर ती खूशच होईल.

भाड्याचं घर आहे ना, मग लँडलॉर्डला ईमेलच करा, फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही. आणि ड्रायर गॅसचा असेल तर साफसफाईसाठी स्वतः ओढून पुढे काढू नका, गॅसची लाइन हलते, माणूस बोलवा.